शुक्रवारी सुरू होणारा आठवडा

१

स्वरूपा गिरामला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. एक चाकांची खुर्ची. डोक्यावर एसी, तोही मनात आलं तर गार करणारा. बारा महिने दिवसपाळी. रविवारची सुट्टी, आणि ही बाब कमी लेखू नका. भोसरी-चाकणच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे तिथल्या माणसाला सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नालाही रजेचा अर्ज टाकावा लागतो. सगळ्यात वजनदार बाब शेवटी : नावाखाली छापायचे दोन शब्द, टेक्निकल रिक्रूटर.

गमावण्यासारखं फार नव्हतं, कारण ते तिने आधीच गमावलं होतं. भोसरीतल्या कारखान्यात चार वर्षं लाईनवर तपासणीला होती, माप घ्यायचं व्हर्नियर हातात धरून. कायम झालेली नोकरी. ती सोडून प्रीतमशेठच्या प्लेसमेंट ऑफिसात आली, नव्वद दिवसांच्या बोलीवर. नव्वद दिवसांत आपण पाठवलेली तीन माणसं कंपनीत रुजू झाली पाहिजेत. झाली तर खुर्ची कायम, नाहीतर राम राम.

मी मारुतराव. एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच पाहिलं. निवृत्तीनंतर प्रीतमशेठकडे कागद तपासतो. कोणाचं अनुभवपत्र खरं, कोणाचं घरच्या प्रिंटरवरचं. माझी खुर्ची दाराजवळ आहे. सवय जात नाही.

अडुसष्टाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, स्वरूपाने मालोजी तुपे नावाच्या माणसाची माहिती चाकणच्या मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर चढवली. मालोजी रोबोटचे प्रोग्रॅम लिहायचा. असा माणूस मिळायला दोन-दोन महिने जातात. तिने तो पाच आठवडे पाठपुरावा करून मिळवला होता.

स्क्रीनवर लाल पट्टी आली : हे नाव आधीच नोंदलेले आहे. शनिवार, दुपारी ४.४०.

आमच्या धंद्याचा नियम साधा आहे. जो नाव आधी चढवेल, माणूस सहा महिने त्याचा. हे नाव मोशीच्या एका एजन्सीने चढवलं होतं.

“अशी टक्कर होतेच,” मी म्हटलं. “महिन्यात दोन-चार.”

मोनिका, पोर्टलवर जाण्याआधी ऑफिसचा प्रत्येक कागद जिच्या हातून जातो, तिने खुर्ची वळवली. “काका, मी आत्ताच मोजलं. हिची सत्तावीस नावं गेली. सतरा अशीच परत आली. सगळी मोशीचीच. त्यातले दोघं तर त्यांच्या खात्यावर रुजूही झालेत.”

आतून प्रीतमशेठ बाहेर आले. भोसरीचं जुनं घर, जमिनी गेल्या, इमारती आल्या, भाषा तीच राहिली.

“सतरा?” ते म्हणाले. “म्हंजी घरातलंच कोणतरी इकतंय.” आणि त्यांनी सरळ स्वरूपाकडे पाहिलं. “शनिवारपर्यंत मला नाव पायजे. न्हाई मिळालं, तर ज्याची सतरा गेली त्यानंच दिली, असं मी धरणार.”

२

चौकशी माझ्याकडे आली. ऑफिसात ज्याला कोणाचीच जागा नको होती असा मी एकटाच.

दिग्विजयपासून सुरुवात केली. एमबीए, सहा वर्षं अनुभव, केसांना जेल. स्वरूपा गेली तर चाकणची कंपनी पुन्हा त्याच्या हाती येणार होती; लाभ ठळक दिसत होता.

“काका, मला चोरायची गरज काय?” तो हसला. “व्हर्नियरताई आपोआपच जाणार होत्या. पहिल्या आठवड्यात आठवतं ना? मशीनच्या कंट्रोलचा, पीएलसीवाला म्हणून पाठवलेला माणूस इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत आडवा झाला. कंपनीचा एचआर मला फोन करून विचारतो, राव, हे कुठून आणलं?”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर एकही पडला नाही,” तो नाइलाजाने म्हणाला. “तिचे प्रश्न वेगळे असतात.”

ते मीही ऐकलं होतं. दिग्विजय उमेदवाराला फोनवर विचारायचा, “सीएनसी येतं का?” आणि या पट्ट्यात त्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मलेला नाही. स्वरूपा विचारायची, “ऑफसेट तू टाकतोस का सेटर येतो?” म्हणजे हत्याराचं माप स्वतः बसवतोस की दुसरा येऊन. आणि पुढे, “मशीन अडकल्यावर लॅपटॉप लावतोस का मेंटेनन्सला फोन लावतोस?” समोरचा गप्प झाला की तिला उत्तर मिळायचं. पदवी नव्हती, डिप्लोमा होता. पण चार वर्षं मशीनच्या आवाजात उभं राहिलेल्या बाईला फसवणं अवघड.

मग मोनिका. तिच्या हातून सगळे कागद जातात, म्हणजे संधी सगळ्यात मोठी तिचीच. ते तिलाही ठाऊक होतं.

“विचारा, काका, विचारा. मी रडणार नाही,” ती डोळे पुसतच म्हणाली.

“रडू नकोस. मला फक्त सांग, तुझ्याकडे माहिती आली की तू काय करतेस?”

“ऑफिसच्या साच्यात बसवते. वर आपलं नाव टाकते, उमेदवाराचा मोबाईल नंबर काढते. नाहीतर कंपनी परस्पर फोन करते.”

मी चाकणच्या कंपनीत एचआरला फोन लावला. तिथल्या अजिंक्यची कागदपत्रं मी कधीकाळी तपासली होती, त्यामुळे त्याला माझ्याशी गोड बोलणं भाग होतं.

“मोशीवाल्यांनी चढवलेल्या कागदावर मालोजीचा नंबर आहे का रे?”

“आहे ना, काका. आणि खाली कुणाच्या तरी टिपा पण आहेत. ‘प्रोग्रॅम स्वतः लिहितो, नुसता चालवत नाही. विचारून खात्री केली.’ अशा.”

मी फोन ठेवला. त्या टिपा स्वरूपाच्या होत्या. मोनिकाकडे देण्याआधी ती स्वतःपुरत्या लिहायची. मोनिका त्या काढून टाकायची. म्हणजे कागद फुटला तो मोनिकाच्या टेबलावर पोचण्याआधी. दिग्विजयला तर मोनिकाने साच्यात बसवल्यावरच दिसतो. दोघंही सुटले.

त्या टिपांसकट असलेला कागद या ऑफिसात एकाच माणसाकडे होता.

३

बुधवारी दुपारी मी स्वरूपाला खालच्या चहाच्या टपरीवर नेलं. शेजारच्या दुकानात बेअरिंगची खोकी उतरवत होते, त्यामुळे हळू बोलायची सोय होती.

“पोरी, कागद तुझ्याकडूनच गेलाय.”

तिने कप खाली ठेवला. “मी मोशीवाल्यांना ओळखत पण नाही काका. मी कशाला माझंच वाटोळं करू?”

“मोशी म्हणालोच नाही मी. कागद तुझ्याकडून बाहेर गेला, एवढंच म्हटलं.”

तिने मान खाली घातली. इथे मला काहीतरी खटकलं. निर्दोष माणूस या जागी चिडतो. चोर शपथा घेतो. ही दोन्हींतलं काहीच करत नव्हती. ही लाजत होती.

“शेठ शनिवारी काढतील तुला. आणि या पट्ट्यात एजन्सीवाले एकमेकांचे कितीही वैरी असले तरी अशी बातमी पसरायला एक फोन पुरतो. पुन्हा कोणी घेणार नाही.”

“माहितीय,” ती म्हणाली. “घरी सांगून आलेय की आता मी ऑफिसात असते. आई गावात सगळ्यांना सांगायलीय.” मग उठली. “मला एक दिवस द्या.”

तिने दिवस मागितला, पण मला बसवेना. वर येऊन मी मोनिकाकडून त्या सतरा नोंदींच्या तारखा-वेळा घेतल्या. वेळा वाचायच्या हे एकच काम मला येतं.

सात आठवडे, सतरा वेळा. सोमवार ते शनिवार अशा रकान्यांत मांडल्या. नुसती खिचडी. कधी सकाळी साडेनऊ, कधी दुपारी दीड, कधी संध्याकाळी सहा, एकदा पावणेआठ सकाळी. मोशीचं ऑफिस दहाला उघडतं. मग पावणेआठला कोण बसलंय? म्हणजे ऑफिसातून नाही, कोणीतरी आपल्या मोबाईलवरून, एजन्सीने दिलेल्या कोडवर चढवत होतं.

मी कागद फाडला, दुसरा घेतला. पुन्हा तेच. चष्मा काढला, पुसला, घातला. दिग्विजय म्हणाला, “काका, सुडोकू का?”

त्या वेळांमध्ये काहीतरी मला खुणावत होतं. नोंद कधी झाली ते मी तासभर बघत होतो. मग कधी झाली नाही ते बघायला लागलो.

४

सलग पाच-सहा दिवस सकाळी एकही नोंद नाही; सगळ्या दुपारी चारनंतर. मग सलग पाच-सहा दिवस उलटं. सगळ्या दुपारी दोनच्या आत, चारनंतर काहीच नाही. मग एक टप्पा असा की पावणेआठची ती एक सकाळ सोडली तर बाकी सगळ्या संध्याकाळच्या. आणि मग पुन्हा पहिल्यासारखं.

पण हे टप्पे सोमवारी बदलत नव्हते. म्हणून तर माझ्या रकान्यांत खिचडी होत होती. मी तिसरा कागद घेतला आणि आठवडा शुक्रवारी सुरू केला.

सगळं ताठ उभं राहिलं. मुलं शाळेत ओळीने उभी राहतात तसं.

पहिली पाळी सात ते साडेतीन : माणूस मोकळा चारनंतर. दुसरी पाळी साडेतीन ते बारा : मोकळा सकाळी. तिसरी रात्रपाळी : सुटल्यावर झोपण्याआधी पावणेआठला एकदा, नाहीतर उठल्यावर संध्याकाळी. आणि पाळी बदलते ती गुरुवारची सुट्टी झाली की, शुक्रवारी. पाळी चालू असताना एकदाही नोंद नाही, चहाच्या सुट्टीतसुद्धा नाही. कारण मोबाईल गेटवर जमा. तो मोबाईलचा खोका शेवटची आठ वर्षं माझ्याच ताब्यात होता, मला विचारा. उरलेल्या दोन नोंदी गुरुवारच्या होत्या, भर दुपारी, निवांत.

आमच्या ऑफिसात पाळीला कोणी जात नाही. चोर कारखान्यात होता, आणि तो कारखाना गुरुवारी बंद असणारा होता.

मी कागद स्वरूपापुढे ठेवला. नाव विचारलं नाही. तिने पहिला आठवडा वाचला, दुसरा वाचला, बोट तिसऱ्यावर थांबलं. मग टेबलावरचं कॅलेंडर ओढून तिने मागची पानं उलटली, ओठांत काहीतरी मोजलं.

“काका,” ती म्हणाली, “ही माझ्या लाईनची पाळी आहे.”

“म्हणजे?”

“सी बॅच. जानेवारीत सोडली तेव्हा सेकंड शिफ्ट चालू होती. तिथून मोजत आले की हेच येतंय. एक दिवसही इकडंतिकडं नाही.” तिने कॅलेंडर मिटलं. “मी रोज कागद आमच्या लाईनच्या नवनाथभाऊंनाच पाठवत होते.”

५

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, त्यामुळे नवनाथभाऊ घरी सापडले. भोसरीतच, तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली. ते खाली मोटारसायकल धूत होते. वय बेचाळीस, अठरा वर्षं एकाच कारखान्यात, सी बॅचचे लाईन लीडर. स्वरूपाला व्हर्नियर धरायला यांनीच शिकवलं होतं.

“या या, मॅडम,” ते हसून म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि पाण्याचा नळ बंद केला.

स्वरूपाने वाटेत मला सगळं सांगितलं होतं. पहिला पीएलसीवाला आडवा झाल्यावर तिला धास्ती बसली. मशीन तिला कळायचं, पण कंट्रोलचं सगळं नाही. ऑफिसात विचारलं तर दिग्विजय दात काढणार. म्हणून प्रत्येक कागद ती नवनाथभाऊंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची : भाऊ, हा खरं बोलतोय का बघा. आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. ऑफिसातला कागद बाहेर द्यायचा नाही हे तिला माहीत होतं. तीच तिची लाज.

“भाऊ, तुम्ही ‘उद्या सांगतो’ म्हणायचात,” ती म्हणाली. “मी थांबायचे.”

नवनाथभाऊंनी हात पँटला पुसले. “उत्तर कधी चुकीचं दिलं का?”

“नाही.”

“एकदा तरी?”

“एकदाही नाही. म्हणून तर मी थांबायचे!”

ते पायरीवर बसले. “तू सोडून गेलीस त्या दिवशी लाईनवर पेढे वाटलेस. मी सगळ्यांना सांगत फिरलो, आपली पोरगी ऑफिसात गेली. घरी आलो, आणि बायकोला न सांगता मीही अर्ज भरला. एक नाही, अकरा. सगळीकडं एकच, एमबीए आहे का, अनुभव आहे का. अगं, तुझ्या आधी मला कळतं ना माणूस कसला आहे ते? मोशीवाला म्हणाला, दहा माणसं रुजू करून दाखवा, टेबल देतो. फोनवर कोड दिला.”

“मग मला सांगायचं होतं. निम्मी नावं दिली असती मी.”

“लाईन लीडरनं आपल्याच लाईनच्या तपासणीवालीकडं मागायचं?” ते कसंनुसं हसले. “मला वाटायचं, तू हुशार, तुला दुसरी मिळतील. आणि मिळतही होती की. रोज नवा कागद येत होता.”

वरून त्यांच्या बायकोने विचारलं, पाहुण्यांना चहा टाकू का. खाली तिघंही एकदम म्हणालो, नको.

मी कामाचं बोललो. “नवनाथराव, तुमच्या कारखान्याच्या नियमात दुसरं काम बसत नाही. कळलं तर अठरा वर्षं पाण्यात. आणि हिचं नाव धुवायचं तर मला तुमचं नाव लागतं.”

“लिहून देतो,” ते म्हणाले. मला वाटलं होतं अर्धा तास घासाघीस होईल. “तिला काढायला लागलेत हे मला माहीत नव्हतं.” त्यांनी माझ्याच पेनाने, माझ्याच कागदाच्या मागे लिहून दिलं, खाली सही, तारीख आणि सवयीने वेळही.

६

शुक्रवारी सकाळी प्रीतमशेठनी कागद दोनदा वाचला.

“कागद भाईर धाडलास ही चूक हाय,” ते स्वरूपाला म्हणाले. “पर चोर न्हाईस. ऱ्हा हितंच. तीन मानसं झाली का न्हाई ते आता इचारनार न्हाई. सतरा पळवण्याजोगी आनलीस, तेच लई झालं.” मग नाक खाजवत, “त्यो गडी कारखान्यात किती कमावतो? इचार की, आपल्याकडं येतो का. सतराच्या सतरा बरोबर पारखलीत त्यानं.”

“नाही विचारणार,” स्वरूपा म्हणाली.

“का गं?”

“मला त्यांच्या शेजारी बसता येणार नाही.”

शेठनी कारखान्याला काही कळवलं नाही. तेवढा शब्द मी आधीच घेतला होता. पण चाकणच्या कंपनीला त्यांनी तासाभरात सगळी तक्रार पाठवली, माझा तक्ता जोडून. तो शब्द घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी अजिंक्यचा फोन आला. “काका, तक्ता भारी आहे हो. साहेबांनी सगळ्यांना दाखवला. मोशीवाल्यांचा कोड बंद केला. आणि वादातल्यांपैकी जे एकच नाव अजून चालू होतं, ते खोडायचं असं ठरलं. तुमचं नको, त्यांचं नको.”

“कोणतं नाव?”

“मालोजी तुपे. बुधवारी इंटरव्ह्यू मस्त झाला होता त्याचा. तोंडी हो पण सांगितलं होतं.”

स्वरूपाने माझ्या हातातून फोन घेतला नाही. तिने स्वतःचा उचलला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मालोजीला लावला. तोंडी होकारावर त्याने त्याच दिवशी सकाळी जुन्या कंपनीत राजीनामा दिला होता. दुपारी त्यांनी तो मंजूरही करून टाकला होता. तिने काही लपवलं नाही. कागद कोणी पाठवला, कोणी पळवला, कोणी तक्रार केली, सगळं ओळीने सांगितलं.

आता जमाखर्च. दिग्विजयची एक थट्टा गेली; तो आता तिला नावाने हाक मारतो. मोशीवाल्यांचं एक गिऱ्हाईक गेलं, त्यांना दुसरी आहेत. नवनाथभाऊंचं न मिळालेलं टेबल गेलं. शुक्रवारी ते नेमाने दुसऱ्या पाळीला गेले. स्वरूपाला खुर्ची मिळाली, आणि शंका आली की फोन लावावा असा एक नंबर तिच्याकडून गेला. माझं काहीच गेलं नाही. उलट तक्त्याचं कौतुक झालं, आणि ते मला अजून पचलेलं नाही. मालोजी तुपे एकतीस दिवस घरी बसला आणि मग तळेगावला लागला, रोबोट चालवायला. दुसऱ्याने लिहिलेले प्रोग्रॅम.

त्या संध्याकाळी फोनवर सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली होती. स्वरूपाने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून त्याचा प्रश्न आम्ही सगळ्यांनीच ऐकला.

“म्हणजे मॅडम, इंटरव्ह्यूत माझं काही चुकलं नव्हतं ना?”

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”

“मग ठीक आहे,” मालोजी म्हणाला, आणि त्यानेच आमचे आभार मानले.